पूर्वेकडची पिशवी

प्रीतमने व्हिएतनामची तिकिटे काढली ती नेमकी शनिअमावास्येची. त्याच दिवसाची तिकिटे इतकी स्वस्त का, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तो त्याच्या आजीला, विमलबाईंना पडला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक लावून त्यांनी त्याचे उत्तरही शोधून काढले.

"अरं, शनवार, त्यात आवस," त्या म्हणाल्या. "असल्या दिवशी आमी म्हस सुदिक शेजारच्या रानात न्हेत न्हाई. आन् तू सात जणं घेऊन समिंद्रापार निघालास व्हय?"

"आजी, विमानाला अमावास्या नसते," प्रीतम लॅपटॉपमधून डोके वर न काढता म्हणाला.

"विमानाला नसंल. आत बसणाराला असतीया."

तारीख बदलणे आता शक्य नव्हते आणि शक्य असते तरी प्रीतमने ती बदलली नसती. ताथवड्याच्या शिवछाया तरुण मंडळाची परदेश सहल गेली पाच वर्षे ठरत होती. एका वर्षी साथ आली. एका वर्षी दहीहंडीत ओंकारचा पाय मोडला. एका वर्षी दोघांची लग्ने निघाली, तीही एकमेकांशीच, आणि ती दोघे मंडळाला न घेता परस्पर केरळला जाऊन आली. सहलीची कल्पना प्रीतमची असल्यामुळे गावात एक नवीनच म्हण रूढ झाली होती. ड्रेनेजचे काम रखडले की पारावरचे लोक म्हणत, "हे पण प्रीतमचं व्हिएतनाम झालं म्हणायचं." परवा तर एका अनोळखी रिक्षावाल्याने प्रीतमलाच ती ऐकवली होती. या वेळी विमान चुकले असते, तर ही म्हण शाळेच्या पुस्तकात जायला वेळ लागला नसता.

म्हणून प्रीतमने यंदा चुकीला जागाच ठेवली नव्हती. तो चाकणच्या एका मोठ्या कंपनीत क्वालिटी विभागात होता. चूक घडायच्या आधीच तिची वाट बंद करायची, हे त्याचे काम, आणि ते तो घरीही करत असे. आठ जणांचे आठ पासपोर्ट आठ घरांत राहिले तर एक तरी हरवणार, हे ओळखून त्याने ते सगळे गोळा केले, विमलबाईंनी खणाच्या कापडातून शिवलेल्या एका लाल पिशवीत घातले आणि पिशवी देव्हाऱ्यात ठेवली. घरात तेवढी एकच जागा अशी होती, जिथल्या वस्तूला विमलबाईंशिवाय कुणी हात लावत नसे.

इकडे विमलबाईंनी दोन दिवस जेवणात लक्ष घातले नाही. शेवटी प्रीतमच्या आजोबांनी, आबाजींनीच तोड काढली. "एवढं काय मनाला लावून घेतीस?" ते म्हणाले. "प्रस्थान ठिवू की."

प्रस्थान ठेवणे ही जुन्या लोकांची एक सोय आहे. निघायचा दिवस वाईट असला, तर त्याच्या आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी सामानातली एक वस्तू, सोबत तांदूळ-सुपारी, प्रवासाच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशीच सुरू झाला असे धरतात. मग प्रवाशाने वाईट दिवशी निघावे, वाटेत ती वस्तू स्वतःच्या हाताने उचलावी आणि पुढे जावे. ग्रहांची फसवणूक होते खरी, पण ती अत्यंत अदबीने.

विमलबाईंचा चेहरा खुलला. मात्र लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. "व्हिएतनाम कुठल्या अंगाला येतं?"

आबाजींना अशा गोष्टींचे कुतूहल फार. त्यांनी माळ्यावरून प्रीतमचा शाळेतला नकाशासंग्रह काढला, पान उलगडले आणि ताथवडे जिथे असावे असे वाटले तिथे एक बोट ठेवून दुसरे बोट सरकवत नेले. "उगवतीला," ते म्हणाले.

"पण पोरं तर मुंबईला जाणार. मुंबई मावळतीला."

"मुंबईला काय कायमचं ऱ्हायचंय त्यांना? इमान कुठं जातंय ते बघायचं. आता पृथ्वी गोल हाय म्हणत्यात, तवा मावळतीनं गेली तरी पोचतीलच."

"पोचतील," विमलबाई विचार करून म्हणाल्या, "पर लई फिरून. उगवतीलाच ठिवा."

ताथवड्याच्या पूर्वेला सांगवी, आणि सांगवीत आबाजींची धाकटी बहीण चिमाबाई. घर ठरले. आता वस्तू ठरायची होती. ती प्रवासात गेलीच पाहिजे, नाहीतर प्रस्थान फुकट जाते. पण प्रीतमच्या बॅगेतून रोज काहीतरी बाहेर निघत होते आणि काहीतरी आत जात होते. विमलबाईंनी सरळ त्यालाच विचारले. तो तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याशी फोनवर बोलत होता.

"बाळा, नक्की जाणार अशी एक कोणची वस्तू हाय रं?"

"आजी, बाकी काहीही राहू दे," प्रीतम फोनवर हात ठेवून म्हणाला, "ती लाल पिशवी तेवढी नक्की जाणार. तिच्याशिवाय कुणी विमानात चढूच शकत नाही."

याहून चांगले उत्तर कुठल्या ज्योतिष्यानेही दिले नसते.

सोमवारी मुहूर्त चांगला होता. विमलबाईंनी पिशवीतल्या प्रत्येक पासपोर्टाला हळदीकुंकू लावले. आतले फोटो पाहून मुलांनाही लावले. वर मूठभर तांदूळ आणि सुपारी घातली आणि पिशवी आबाजींच्या हाती सांगवीला धाडली. देव्हाऱ्यातली जागा रिकामी ठेवू नये, म्हणून त्याच खणातून शिवलेल्या दुसऱ्या लाल पिशवीत तांदूळ आणि हळकुंडे भरून ती तिथे ठेवली. संध्याकाळी प्रीतम घरी आला तेव्हा त्यांनी त्याला सगळे सांगितलेही. "तुझं प्रस्थान चिमाआत्याकडं हाय बरं. जाताना घेऊन जा." प्रीतमच्या कानात फोनची बोंडे होती. त्याने दोनदा मान हलवली. आजी बोलत असताना मान हलवायची, ही सवय त्याला लहानपणापासून होती.

पुढे शुक्रवारपर्यंत तो रोज सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यापाशी येई, लाल पिशवी बाहेरून दाबून पाही, आत काहीतरी कडक लागले की समाधानाने कामावर जाई. नातू देवाला लागला म्हणून विमलबाईंना भरून येई.

शनिवारी सकाळी मंडळाच्या दारात टेम्पो ट्रॅव्हलर उभी राहिली. आठही जणांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा फ्लेक्स चौकात लागला होता. नारळ फुटला, बायकांनी ओवाळले, ढोल वाजला. प्रीतमने लाल पिशवी देव्हाऱ्यातून स्वतः उचलली, गळ्यात अडकवली आणि ड्रायव्हरशेजारी बसला. त्याची चुलतबहीण अपेक्षा मागच्या सीटवरून व्हिडिओ काढत होती. पिशवी गळ्यात पाहून विमलबाई चमकल्या. पण त्यांना वाटले, तांदूळ वाटेत उपयोगी पडतील म्हणून घेतले असतील पोराने.

टेम्पो निघाला, चौकापर्यंत गेला आणि सांगवीकडे न वळता हायवेकडे वळला.

विमलबाईंचा हात वर गेला. तोंडही उघडले, पण आवाज त्यांनी ओठांच्या आतच अडवला. प्रवासाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते. त्यात आज शनिअमावास्या. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत त्या तशाच हात वर करून उभ्या राहिल्या आणि मागच्या काचेतून सगळ्यांनी त्यांना भरभरून टाटा केला.

"अवो, पोरं सरळ गेली की!" त्या घरात येऊन म्हणाल्या.

"फोन लाव," आबाजी म्हणाले.

"फोन लावणं म्हंजी मागनं हाक मारणंच की."

आबाजींना हा मुद्दा महत्त्वाचा वाटला. त्यांनी काठी टेकवून विचार केला. "फोन मागनं येत न्हाई. कानात येतो. कान बाजूला असत्यात."

"पर करणारा मागं असतो न्हवं?"

"हां. हे खरं."

"त्यानं आपल्या आपण केला तर चालंल," विमलबाई म्हणाल्या. मग दोघे फोन मध्ये ठेवून, पाट मांडून, त्याच्या वाजण्याची वाट पाहत बसले.

फोन वाजला तेव्हा टेम्पो एक्स्प्रेस वेवर, लोणावळ्याच्या अलीकडे, वडापाव खायला थांबला होता. झाले होते असे की, पासपोर्ट हातात धरून सगळ्यांनी एक फोटो काढावा, असे अपेक्षाच्या मनात आले. "परदेशात जाणारे सगळे टाकतात," ती म्हणाली. प्रीतमने गळ्यातली पिशवी काढली, नाडी सोडली आणि ओंकारच्या पसरलेल्या हातावर उलटी केली. ओंकारच्या हातात तांदूळ पडले. त्यावर तीन-चार हळकुंडे पडली.

त्याने एक हळकुंड उचलून पाहिले. मग ओंकार म्हणाला, "राव, व्हिएतनामला जातोय का कुणाचं लग्न लावायला?"

प्रीतमने पिशवी आतून उलटी केली, झटकली, पुन्हा सुलटी केली आणि तांदूळ-हळकुंडे परत आत भरली. मग त्याने घरी फोन लावला.

"बाळा, तू आपल्या आपण फोन केलास ना?" पलीकडून विमलबाईंचा आवाज आला. "मी न्हाई केला. ध्यानात ठेव."

"आजी, पासपोर्ट कुठंयत?"

"सांगवीला. सोमवारपासनं. तुला सांगितलं की, तू मान हलवलीस."

प्रीतम टेम्पोच्या पायरीवर बसला. मग त्याने मान हलवणेही सोडले आणि सगळे ऐकून घेतले.

पुढचा फोन सांगवीला गेला, आणि तिथे नवीनच गोष्ट कळली. प्रस्थानाचे नियम चिमाबाईंना विमलबाईंपेक्षा जास्त ठाऊक होते. "एका घरात तीन रातीच्या वर प्रस्थान ठेवत न्हाईत, वैनींना ठाव न्हाई वाटतं?" त्या म्हणाल्या. "तीन राती झाल्या की त्याच अंगानं फुडं सरकवायचं. मी गुरुवारीच खंडूकडं दिलं. मोशीला नेहाकडं दे म्हणलं. मोशी आमच्या उगवतीलाच पडती, थोडी वर."

नेहा ही चिमाबाईंची मुलगी. तिला फोन लावला, तर ती म्हणाली, "मी गुरुवारपासून देव्हाऱ्याशेजारी जागा पुसून बसलेय. दादा आलाच नाही."

आणि खंडू, म्हणजे तिचा भाऊ, त्याचा फोन बंद होता. तो चाकणला एका कंपनीत ऑपरेटर होता. पहिल्या पाळीला गेला की फोन गेटवरच्या खणात जमा करावा लागे. पिशवी त्याने गुरुवारी गाडीच्या डिकीत टाकली, मोशीला उतरायला उशीर झाला, शुक्रवारी विसरला, आणि आज पिशवी त्याच्यासोबत कामावर गेली होती, असे चिमाबाईंनी घरात विचारून सांगितले.

"म्हणजे आपले पासपोर्ट ताथवडे, सांगवी, चाकण असं फिरतायत," ओंकार म्हणाला. "आपल्याआधी तेच निघालेत, भावा."

प्रीतमला एकच आधार वाटला. खंडूची कंपनी त्याच्या कंपनीला सुटे भाग पुरवत असे. तिथल्या गेटचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने तो लावला. सिक्युरिटी सुपरवायझर मालोजी यांनी उचलला. मालोजी लातूरकडचे.

"लाल पिशवी? हौ, हाय की इथंच," ते दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब, ती तुमची हाय का? मग आधी सांगा, कुणावर केलंय ते."

"काय केलंय?"

"आता काय सांगू. सकाळी डिकी चेक करायलो तर पिशवी. उघडली तर आठ जणांचे फोटो, फोटोवर हळदकुंकू, वर तांदूळ, सुपारी. अन् आज शनी अमावास्या. माझी दोन गार्डची पोरं बॅरिकेडच्या पल्याडच्या केबिनीत जाऊन बसलीत. त्या खंडूला इचारलं तर म्हणायलंय, आईनं दिलंय, मला म्हाईत नाही. आता आईनं दिलंय म्हणल्यावर तर अजूनच भ्या वाटायलंय."

प्रीतमने प्रस्थान म्हणजे काय ते समजावले. ही गोष्ट जगाला समजावून सांगायची वेळ आपल्यावर येईल, असे त्याला सकाळपर्यंत वाटले नव्हते. मालोजींनी ऐकून घेतले. "असंल, असंल," ते म्हणाले. "पण एका ऑपरेटरपाशी आठ जणांचे पासपोर्ट, हे कागदावर बरं दिसत नाही. खंडूला देता येणार नाही. ज्याचं त्यानं येऊन, तोंड दाखवून न्यावं. आठीच्या आठी जणं या."

विमान संध्याकाळी होते. टेम्पो पुढच्या वळणावरून मागे फिरला.

तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल त्या भागातल्या माणसाला काही सांगायची गरज नसते. कंटेनरमागे कंटेनर, मध्ये गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रक, आणि या सगळ्यांच्या मध्ये फुलाफुलांचे शर्ट, गवती टोप्या आणि गॉगल घातलेल्या आठ जणांचा टेम्पो. समोरच्या काचेवर "शिवछाया तरुण मंडळ, चलो व्हिएतनाम" असा स्टिकर होता. शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून चौकशी केली, "व्हिएतनाम इकडूनच जातं का, भाऊ?"

"शॉर्टकट आहे," ओंकार म्हणाला.

प्रीतम घड्याळाकडे पाहत होता. मंडळाच्या ग्रुपवर गावाकडून पहिला मेसेज आला होता, "विमानात बसलात का?" त्यावर अपेक्षाने काय उत्तर द्यावे हे न सुचून नुसता हात जोडलेला इमोजी टाकला होता.

ते गेटवर पोहोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, आणि अर्धी कंपनी जाळीपाशी जमली होती. सिक्युरिटी केबिनच्या मधोमध एका टेबलावर लाल पिशवी होती. टेबलाभोवती केशरी कोन मांडून पिवळी-काळी पट्टी बांधली होती. एरवी जमिनीवर ऑइल सांडले की बांधतात, तीच. खंडू एका कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. कुणीतरी त्याच्यापुढे चहाचा कप लांबूनच सरकवला होता.

"आली बघ ती आठ जणं!" जाळीपाशी कुणीतरी म्हणाले.

"जिवंत हायत की."

"अजून हायत. अमावास्या रातीपर्यंत असतीया."

प्रीतम पट्टीकडे झेपावला. मालोजींनी हात आडवा केला. "थांबा साहेब. पिवळ्या रेघेच्या आत यायचं म्हणजे आधी सेफ्टीचा पिक्चर बघावा लागतो. नियम हाय."

"काका, आम्हाला फक्त ती पिशवी उचलायचीय!"

"पिशवी रेघेच्या आतच हाय न्हवं का."

आठ जणांना व्हिजिटर रूममध्ये बसवण्यात आले. डोक्यावर पिवळी हेल्मेटे, डोळ्यांवर गॉगलच्या जागी पारदर्शक चष्मे आले. पडद्यावर एक माणूस आग लागल्यावर कुठल्या दाराने पळावे ते दाखवू लागला. ओंकारने खिशातून चिवड्याची पुडी काढून शेजारी पुढे केली. "विमानातसुद्धा असंच दाखवतात म्हणे," तो अपेक्षाला म्हणाला. "आपली प्रॅक्टिस झाली."

पिक्चर संपल्यावर ओळख पटवणे सुरू झाले. मालोजी हातमोजे घालून, लाकडी पट्टीने एकेक पासपोर्ट उघडत आणि समोरचा चेहरा निरखत. ओंकारपाशी गाडी अडली. फोटोत त्याला दाढी नव्हती, आणि कपाळभर कुंकू होते.

"हे लेकरू दुसरंच दिसायलंय."

"काका, दाढी वाढली हो. आज नवीन चेहरा कुठून आणू?"

"त्या फोटोवानी हसा जरा."

"पासपोर्टच्या फोटोत हसू देत नाहीत!"

"मग हसायलाव कशाला? गप उभे ऱ्हा."

ओंकार गप उभा राहिला आणि एकदम फोटोसारखा दिसू लागला.

प्रीतमचा संयम संपला. "ज्याचं त्यानं येऊन न्यायचं, आधी पिक्चर बघायचा, तोंडं जुळवायची, हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालंय?"

मालोजींनी पट्टी खाली ठेवली आणि प्रीतमकडे जरा ओशाळून पाहिले. "साहेब, तुमच्याच. मागल्या साली तुम्ही ऑडिटला आलता. गेटवर बेवारस वस्तू कशी देता म्हणून इचारलात. आम्ही म्हणलं, मागितली की देतो. तर तुम्ही तांबड्या पेनानं लिहून गेलात. तवापासून असंच करायलाव." जरा थांबून ते म्हणाले, "चांगला नियम हाय. आज पहिल्यांदाच कामी आला."

प्रीतमच्या मागे आठ हेल्मेटांतली सात हेल्मेटे हळूहळू त्याच्याकडे वळली.

त्याने खाली पाहत पिशवीकडे हात नेला. एवढ्यात खंडू स्टुलावरून उठला. सुट्टीत त्याला फोन परत मिळाला होता, आणि तो त्याने कानाला लावला होता. "प्रीतम, थांब रे. आई म्हणतीय, पूर्वेकडं तोंड करून उचल. न्हाईतर एवढं केलेलं वाया जातं."

"खंडूकाका, मला आता कुणी दिशा सांगू नका," प्रीतम म्हणाला आणि पश्चिमेकडे तोंड करून त्याने पिशवी उचलली. जाळीपाशी जमलेल्यांनी श्वास रोखला. काही झाले नाही. फक्त जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला आणि मालोजी दोन पावले मागे सरकले.

टेम्पो पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच कंटेनरांमागे उभा राहिला. विमान मिळणार की नाही, याचा हिशेब प्रत्येकजण मनात करत होता आणि कुणी मोठ्याने सांगत नव्हते. अपेक्षाने निदान सीट तरी धरून ठेवाव्यात म्हणून विमान कंपनीचे अ‍ॅप उघडले. तिने स्क्रीन बोटांनी मोठी करून पाहिली.

"दादा," ती म्हणाली, "आपलं विमान उद्या आहे."

"काय?"

"उद्या संध्याकाळी. एक दिवस पुढं ढकललंय. तुला मेल केलाय म्हणतायत. गुरुवारी."

प्रीतमने मेल उघडला. विमान कंपनी सारखी सवलतींच्या जाहिराती पाठवते, त्यांच्या गर्दीत कामाचे काही सुटू नये, म्हणून त्याने तिचे सगळे मेल आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जातील अशी व्यवस्था केली होती. त्या कप्प्यात एक मेल होता. तो त्या कप्प्यात गुरुवारपासून सुरक्षित होता.

टेम्पोत पहिल्यांदा हसले कोण, हे नंतर कुणाला आठवेना. बहुतेक ड्रायव्हर.

"मग आता घरी जाऊ या, उद्या निघू," एक जण म्हणाला.

"घरी?" ओंकारने विचारले. "चौकात आपला फ्लेक्स लागलाय. त्याच्याखालून चालत जाणार? पारावरचे काय म्हणतील?"

काय म्हणतील ते सगळ्यांना पाठ होते. प्रीतमने घरी फोन लावला.

"घरी यायचं न्हाई हां!" विमलबाई सगळे ऐकून ओरडल्याच. "एकदा उंबरा वलांडला की प्रवास करूनच परत यायचं. मधनंच माघारी फिरलं की सगळं उलटतं."

आजीचे म्हणणे आणि आपली अडचण इतकी तंतोतंत जुळलेली प्रीतमने आयुष्यात प्रथमच पाहिली. "मग राहायचं कुठं, आजी?"

फोनवर आबाजी आले. मागे नकाशासंग्रहाची पाने उलटल्याचा आवाज येत होता. "पिशवी कुठं जायची होती? मोशीला. मग जा की मोशीला. नेहा वाट बघतीया."

नेहाचे घर मोशीत एका नव्या इमारतीत होते. तिने भाकरी थापायला शेजारणीलाही बोलावले होते. आठ जण दिवाणखान्यात टोप्यांसकट बसून पिठले-भाकरी जेवले. देव्हाऱ्यातल्या तांदळात हळकुंडे मिसळलेली ती दुसरी पिशवी नेहाने निवडून घेतली आणि सकाळी मऊ भात करते म्हणाली. विमलबाईंचा फोन आला. त्यांना एकच विचारायचे होते. "प्रस्थान पोचलं का गं मोशीला?"

"पोचलं मामी. सोबत आठ माणसं आलीत."

"बरं झालं. आता उद्या आवस पण न्हाई," विमलबाई म्हणाल्या, आणि मग थोड्या विचारात पडल्या. "म्हंजी तसं बघितलं तर प्रस्थानाची गरजच नव्हती की."

हे वाक्य प्रीतमपर्यंत न पोचवण्याचे शहाणपण नेहाने दाखवले.

दिवे लागले, गाद्या पसरल्या गेल्या. प्रीतम पिशवी हातात घेऊन खोलीत इकडून तिकडे फिरत होता. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात आला, ओंकार ऐकत नाही ना हे पाहिले आणि हळूच म्हणाला, "नेहाआत्या, पूर्व कुठली गं?"

तिने कोपऱ्यातली पुसून ठेवलेली जागा दाखवली. त्याने पिशवी तिथे ठेवली. उघडून पासपोर्ट मोजले, पुन्हा ठेवली.

सकाळी मऊ भात खाऊन टेम्पो निघाला. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली आणि प्रीतमने शेजारच्या आरशात पाहिले. पायऱ्यांवर नेहा उभी होती. एक हात वर केलेला, तोंड उघडे, आवाज नाही. मागच्या सीटवरून सगळे तिला भरभरून टाटा करत होते.

"थांबवा," प्रीतम ड्रायव्हरला म्हणाला.

त्याने गळ्यातली पिशवी चाचपली. होती. खिशातून फोन काढला, कानातली बोंडे काढून बाजूला ठेवली आणि नंबर लावला.

"आत्या, मीच फोन केलाय, माझा मी," तो म्हणाला. "बोल."

"अरे देवा, सुटले बाई!" नेहा म्हणाली. "त्या ओंकारचे बूट राहिलेत."